लग्नाच्या बोलणीआधी सिकलसेलची तपासणी

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये सिकलसेलचे नाव ऐकले नाही असे घर क्वचितच असेल. पण घरातल्या किती जणांचा रिपोर्ट जपून ठेवलेला आहे? आदिवासी बांधवांप्रमाणे बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. तो संसर्गाने होत नाही, करणीने तर नाहीच. तो आईवडिलांकडून येतो.

बाळाचे हातपाय सुजणे, हाडे व सांधे ठणकणे, डोळे पिवळे दिसणे, रक्त सतत कमी असणे ही त्याची लक्षणे. अशा लेकराला घेऊन घरचे लोक दवाखाने पालथे घालतात, सलाईन लावून आणतात, उसनवारी करतात आणि आजाराचे नाव वर्षानुवर्षे कळत नाही.

रिपोर्टवर तीनपैकी एक अक्षरजोडी येते. एए म्हणजे निरोगी. एएस म्हणजे वाहक. वाहक हा रोगी नव्हे. त्याला औषध लागत नाही, तो सगळी कामे करतो, म्हणूनच आपण वाहक आहोत हे त्याला तपासल्याशिवाय कळत नाही. एसएस म्हणजे रुग्ण. एएस मुलाचे लग्न एए मुलीशी झाले तर एसएस मूल होत नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता एसएस मुलाची असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब काही जण करतात. तो चुकीचा आहे. दर वेळी शक्यता तेवढीच राहते.

पत्रिका पाहणे आपण सोडले, ते बरेच झाले. आता बायोडाटासोबत सिकलसेलचा रिपोर्ट मागायला लाजू नये, आणि तो दोन्हीकडून मागावा. एकट्या मुलीचाच मागणे आम्हाला मान्य नाही, कारण एसएस मूल दोघांकडून आलेल्या दोषामुळे होते आणि बोल मात्र सुनेलाच लागतात.

तपासणीला पैसे लागत नाहीत. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरलेली आहे. आशाताईंना विचारा, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि द्रावणात टाकतात. याला सोल्युबिलिटी म्हणतात. इथेच बरेच जण थांबतात. या तपासणीत दोष आहे एवढेच कळते, माणूस एएस की एसएस ते कळत नाही. 'पॉझिटिव्ह' ऐकून घाबरू नका, आणि तेवढाच कागद घेऊन घरीही येऊ नका. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी कधी व कुठे होईल ते तिथेच विचारून घ्या. खाजगी लॅबमध्ये हिचेच पैसे मोजावे लागतात, सरकारी दवाखान्यातून ती मोफत होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सोल्युबिलिटी भरवशाची नाही. कोणाला नुकतेच रक्त चढवले असेल तर तेही आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो.

रोजंदारी बुडते म्हणून लोक जात नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यावर उपाय विहारातच आहे. विहार समितीने आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्यावा आणि रविवारच्या वंदनेनंतर शिबिर मागावे. सोबत वस्तीतल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची यादी जोडावी.

लग्न झालेले असेल आणि दोघेही एएस निघाले तर संसार मोडायचे कारण नाही. दिवस राहताच डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. गर्भाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत होऊ शकते, उशीर केला तर मार्ग कमी होतात. घरात एसएस रुग्ण असेल तर जिल्हा रुग्णालयात हायड्रॉक्सीयुरियाविषयी विचारा. सरकारी रक्तपेढीत अशा रुग्णांना रक्त मोफत मिळते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. या रुग्णांसाठी झटलेले नागपूरचे संपत रामटेके यांना 2018 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

ही तपासणी आयुष्यात एकदाच नीट करावी लागते. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि मूळ कागद आधार कार्डासोबत पिशवीत ठेवा.