मंजूर झालेला पैसा अडतो कोठे?

संस्थेच्या कचेरीत महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तासभर बसले की एक वाक्य हमखास कानावर पडते : "सर, पैसे आले नाहीत." वाक्य साधे, परंतु त्याचे अर्थ किमान चार आहेत; आणि आपल्या बाबतीत कोणता अर्थ खरा, हे न ठरविताच माणसे तालुक्याच्या कचेरीची वाट धरतात. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही शिक्षणाविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. ती बाजूस ठेवून आम्ही अपंग-वेतनाचा विषय घेतला आहे, कारण गेल्या काही वर्षांत आमच्या लेखणीतून सर्वांत अधिक बाहेर पडले ते या वेतनाचे अर्जच होत.

प्रथम या वेतनाचे स्वरूप पाहू. केंद्र सरकारने 15 ऑगस्ट 1995 रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्यात अपंगांसाठी इंदिरा गांधींच्या नावाची स्वतंत्र योजना 2009 साली आली. दारिद्र्यरेषेखालील, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व 80 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीस आरंभी दरमहा 200 रुपये, आणि 2012 पासून 300 रुपये, असा केंद्राचा वाटा आहे. तो त्यानंतर तेथेच थांबला. आपले कर्नाटक राज्य त्यात स्वतःची भर घालते, शिवाय 40 टक्क्यांपासून पुढच्या अपंगत्वासही वेतन देते. कानडी कागदावर या वेतनास 'मासाशन' म्हणतात आणि अपंगास 'अंगविकल' अथवा 'विकलचेतन'. आपल्या मराठी मंडळींनी एवढे तीन शब्द ओळखण्यास शिकले तरी समोरचा कागद कशाविषयी आहे हे त्यांना कळू लागेल.

रक्कम लहान आहे हे खरे. परंतु ज्या घरात मिळवता हात एकच आहे तेथे याच रकमेतून औषध येते. आणि ही खैरात नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 24 व्या कलमात सामाजिक सुरक्षेचे कर्तव्य सरकारवर घातले आहे. एवढेच नव्हे, तर इतरांसाठी जी तत्सम योजना असेल तिच्याहून अपंगांस मिळणारे साहाय्य निदान 25 टक्क्यांनी अधिक असावे, असेही तेथे म्हटले आहे. कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहणाऱ्याने हे मनात ठेवावे. आवाज चढविण्याची गरज नसते, पण मान खाली घालण्याचीही नसते.

आता ते चार अर्थ. पैसे न येण्याचे सर्वांत सोपे कारण म्हणजे कोणाचेच आलेले नसणे. अनुदान उशिरा सुटले किंवा देयक कोषागारात पडून राहिले, तर अख्ख्या तालुक्याची खाती कोरडी राहतात. अशा वेळी एकट्याने खेटे घालून काहीही साधत नाही. म्हणून आमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो : "तुमच्या गावात दुसऱ्या कोणाचे आले का?" सर्वांचेच अडले असेल तर दहा-पंधरा जणांच्या सह्यांचा एकच अर्ज द्यावा व घरी बसावे. त्या वेळी कुबड्या घेऊन चार मैल जाण्यात पुरुषार्थ नाही.

दुसऱ्यांचे आले व आपलेच आले नाही, तर आपला मंजुरी आदेश जिवंत आहे का हे पाहावे. वार्षिक पडताळणीच्या दिवशी माणूस घरी नव्हता, एवढ्यावरूनही नाव यादीतून खाली पडते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावर मुदतीची तारीख असते. ती उलटली की वेतन थांबते. 1 जून 2021 पासून ही प्रमाणपत्रे 'यूडीआयडी' या संकेतस्थळामार्फतच दिली जातात. ज्यांच्याजवळ अजून जुनेच हस्तलिखित प्रमाणपत्र आहे, त्यांनी वेतन अडण्याची वाट न पाहता ते बदलून घ्यावे.

तिसरा प्रकार विलक्षण आहे. पैसे निघालेले असतात, पोहोचलेलेही असतात, पण भलत्याच खात्यात. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन दारात येई. तो माणूस ओळखीत असे. आजचा पोस्टमन फक्त आधारचे बारा अंक ओळखतो. सरकार पैसा आधार क्रमांकावर पाठविते आणि तो क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, हे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदवहीत पाहिले जाते. त्या वहीत एका क्रमांकापुढे एकच बँक असते, आणि ती म्हणजे जिच्यात अगदी शेवटी जोडणी झाली ती. एखाद्याने कर्जासाठी किंवा बचत गटासाठी नवे खाते उघडले व तेथे संमतीच्या चौकोनात नकळत खूण केली, की वेतन त्या नव्या खात्याकडे वळते. 2017 साली देशात असाच एक प्रकार गाजला होता : मोबाईलचे सिमकार्ड पडताळून घेताना ग्राहकांची खाती एका पेमेंट बँकेत परस्पर उघडली गेली, आणि गॅसचे अनुदान महिनोन्‌महिने तेथे जमा होत राहिले.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. बँकेतील कारकून "तुमचे आधार लिंक आहे" असे सांगतो ते खोटे नसते. परंतु खात्याला आधार जोडणे वेगळे, आणि वरील नोंदवहीत त्या बँकेचे नाव लागणे वेगळे. आधारच्या संकेतस्थळावर आपल्या क्रमांकापुढे कोणती बँक आहे हे पाहता येते. घरातील दहावीच्या मुलाने पाच मिनिटांत पाहून द्यावे, असे हे काम आहे.

चौथ्या प्रकारात पैसे योग्य बँकेत जातात, पण खाते ते स्वीकारीत नाही. त्याची कारणे नाना. जनधनच्या वेळी उघडलेली काही खाती 'छोटी खाती' आहेत : त्यांत वर्षाला एक लाखाहून अधिक जमा चालत नाही व एका वेळी पन्नास हजारांहून अधिक शिल्लक राहू शकत नाही. जेथे जुना खातेक्रमांक व आयएफएससी क्रमांक वापरले जातात, तेथे बँकांच्या विलीनीकरणानेही घोळ झाले. सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, आणि तिचे जुने आयएफएससी क्रमांक जुलै 2021 पासून बंद झाले. दोन वर्षे व्यवहार न केल्यास खाते निष्क्रिय होते हे पुष्कळांस ठाऊक आहे. पण असे खाते पुन्हा सुरू करण्यास बँकेने शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा 1 जानेवारी 2024 चा आदेश आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक आहे.

या चौथ्या प्रकारात आम्ही स्वतः कसे फसलो ते सांगतो. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा मुलगा जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने अपंग आहे. बोलणे अस्पष्ट, हाताची बोटे आत वळलेली. तो अठरा वर्षांचा झाल्यावर आम्हीच अर्ज लिहून दिला. मंजुरीचा आदेश आला, पेढेही वाटले गेले. त्यानंतर सात महिने खात्यात एक पैसा नाही. आम्ही तीनदा तालुक्याच्या कचेरीत गेलो व तिसऱ्या वेळी, कबूल करण्यास लाज वाटते, तेथील कारकुनाशी अद्वातद्वा बोललो. त्याने शांतपणे पडद्यावर दाखविले : पैसे दरमहा जात होते आणि दरमहा परत येत होते. दोष त्याचा नव्हता. जे खाते आम्ही अर्जात लिहिले ते मुलाच्या लहानपणी, शिष्यवृत्तीसाठी उघडलेले अज्ञानाचे खाते होते. तो सज्ञान होताच बँकेने ते गोठविले होते, आणि तसे कळविणारा संदेश ज्या मोबाईलवर गेला तो क्रमांक कधीच बंद पडलेला.

बँकेत गेलो तर नवीच अडचण. मुलाला सही येत नाही, अंगठा यंत्रावर उमटत नाही, आणि आई आता त्याच्या वतीने सही करू शकत नाही; कारण अठरा वर्षांनंतर आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. त्या बाई म्हणाल्या, "काल रात्रीपर्यंत मी त्याची आई होते, आज सकाळी कोण झाले?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सापडले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुअपंगत्व या चार प्रकारांतील सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते. त्या समितीत जिल्हाधिकारी असतात. दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. हे प्रमाणपत्र दाखविले की बँक पालकामार्फत खाते चालवू देते. ते हाती येण्यास आणखी चार महिने गेले. ज्या घरी असे मूल सोळा-सतरा वर्षांचे आहे, त्यांनी आताच चौकशी करून कागद जुळवून ठेवावेत, म्हणजे अठरावा वाढदिवस उलटताच अर्ज देता येईल. मात्र याचा उलट अर्थ काढू नये. आंधळ्या वा लंगड्या माणसास पालकाची मुळीच आवश्यकता नाही. तो स्वतःचा व्यवहार करण्यास पूर्ण समर्थ आहे, आणि बँक त्याला 'कोणाला तरी घेऊन या' असे सांगू लागली तर तिच्याकडून ते लेखी मागावे.

अंगठ्याविषयी दोन शब्द. आधारच्या खटल्यात 26 सप्टेंबर 2018 रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की यंत्रावर ओळख पटली नाही म्हणून पात्र माणसास लाभ नाकारला जाऊ नये. पुढे 30 एप्रिल 2025 च्या निकालात, डोळ्यांची उघडझाप करून दाखविण्यासारख्या केवायसीच्या अटी आम्लहल्ल्यातील पीडित व अंध व्यक्तींना पाळता येत नाहीत, हे मान्य करून न्यायालयाने या पद्धती सर्वांना वापरता येतील अशा करण्याचे आदेश दिले. या दोन तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. अर्जात त्या आल्या की अर्जाचे वजन वाढते, असा आमचा अनुभव आहे.

आता आमच्या सीमाभागाचे खास दुखणे, म्हणजे नाव. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव व आडनाव. कानडी कागदावर पुष्कळदा आडनावाऐवजी आद्याक्षर. आणि इंग्रजी लेखन जसे लिहिणाऱ्याच्या मनात येईल तसे. 'चौगुले' हे एकच आडनाव कोठे 'चौगले' होते, कोठे 'चोगुले'. आमच्या समाजातील 'शेख' इंग्रजीत तीन-चार परींनी लिहिला जातो, आणि 'अब्दुलकरीम' एका कागदावर जोडून तर दुसऱ्यावर तोडून असतो. प्रत्यही हजेरीपट लिहिणाऱ्या आमच्याच नावाची चार दस्तऐवजांत तीन रूपे आहेत, मग इतरांस काय दोष द्यावा? अशा वेळी लोक घाईघाईने आधार बदलतात. तसे करू नये. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. सर्व कागद एका रांगेत मांडावेत, अधिकांत अधिक कागदांवर जे रूप असेल ते कायम धरावे आणि उरलेले त्याप्रमाणे दुरुस्त करावेत. सुनेच्या कागदांत माहेरचे व सासरचे अशी दोन नावे असतात; तेथे विवाहनोंदणीचा दाखला जोडावा.

तक्रार कोणत्या भाषेत द्यावी, हाही प्रश्न आमच्याकडे विचारला जातो. राज्यघटनेच्या 350 व्या कलमान्वये गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. तथापि आम्ही स्वतः मराठी अर्जासोबत कानडी प्रत जोडतो. हक्क हक्काच्या जागी. पण वाचणाऱ्याला वाचता आले तर उत्तर लवकर येते. पोच घेतल्याशिवाय मात्र खिडकी सोडू नये. तोंडी तक्रारीला तारीख नसते, आणि तारखेवाचून मागील महिन्यांची थकबाकी मागता येत नाही. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच : शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस तेही नाही, आणि मुदत तीस दिवसांची. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे हा अर्ज एकाच विषयावर व सामान्यतः दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. निबंधलेखनात आमचे विद्यार्थी हे बंधन पाळीत नाहीत. त्यांच्या पालकांना येथे ते पाळावे लागते. "माझे वेतन का बंद केले" असे विचारू नये. "अमुक महिन्यापासून माझ्या नावे पाठविलेल्या रकमा, तारखा, बँक, आणि रक्कम परत आली असल्यास नोंदलेले कारण" एवढेच मागावे.

राहिला प्रश्न मधल्या काळाचा. कागद फिरत असतात तेव्हा चूल थांबत नाही. आमच्या संस्थेने चार वर्षांपूर्वी अशा घरांना थोडी रक्कम बिनव्याजी उसनी देण्यास आरंभ केला. मुसलमान याला कर्ज-ए-हसना म्हणतात, शेजारी हातउसने म्हणतात. सभेत काहींचे म्हणणे होते की सरळ देणगीच द्यावी. आम्ही त्यास विरोध केला व आजही आमचे मत बदललेले नाही. जो मनुष्य सरकारकडे स्वतःच्या हक्काचे मागतो आहे, त्याच्या हाती आपण दान ठेवले तर त्याचा पाठपुरावा सैल पडतो, आणि त्याला ते बोचतेही. उसने घेतले की तो थकबाकीचा हिशेब स्वतः ठेवतो. वसुलीची घाई मात्र संस्थेने कधी केलेली नाही. काही रकमा परत आल्या नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

त्या मुलाचे वेतन गेल्या श्रावणापासून नियमित येऊ लागले आहे. मागील अकरा महिन्यांपैकी चार महिन्यांची रक्कम मिळाली; उरलेल्या सातांविषयी पत्रव्यवहार चालू आहे. कचेरीतील निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत त्याच्या नावाचे पान अद्याप उघडे आहे. रविवारी दहा ते बारा या वेळात ती वही टेबलावर असते. येताना पासबुक भरून आणावे, मंजुरी आदेशाची प्रत आणावी, आणि ज्याचे वेतन आहे त्यालाही शक्य असेल तर सोबत आणावे. पुष्कळदा त्यालाच सर्वांत नीट सांगता येते.