अकरावीच्या गणितात काय शिकावयाचे असते?

बऱ्हाणपूर शहरात व तापीकाठच्या खेड्यांत दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक प्रश्न उभा राहतो : मुलाने अथवा मुलीने पुढे गणित घ्यावे काय? बारावीपर्यंत गणित घेतल्याखेरीज अभियांत्रिकीची वाट सहसा मोकळी होत नाही, व अकरावीत सुटलेला हा विषय पुन्हा हाती येणे कठीण. निर्णय बहुधा दहावीच्या गुणांवरून होतो. तथापि उत्तम गुणांचे विद्यार्थीही पहिल्या सत्रात गोंधळतात, कारण पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

अमेरिकेतील शाळांत 'प्रीकॅल्क्युलस', म्हणजे कलनशास्त्राची पूर्वतयारी, हा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. आपल्याकडे ते काम अकरावीचे वर्ष करते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पाठ्यपुस्तकात १४ प्रकरणे आहेत. संच, फल, त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, श्रेढी, सरळ रेषा, शंकुच्छेद अशी ही मालिका वरवर विस्कळीत भासते. परंतु तिच्यातील बराचसा भाग बाराव्या प्रकरणाची, म्हणजे सीमा व विकलज यांची, तयारी करून घेतो.

'फल' या शब्दाने मुले प्रथम अडखळतात. यंत्रमाग चालविणाऱ्या घरास ही कल्पना अनोळखी नाही. दर ठरलेला असता वापरलेल्या प्रत्येक युनिटसंख्येस विजेचे एकच देयक येते. देयक हे युनिटांचे फल होय. दोन निरनिराळ्या युनिटसंख्यांना एकच देयक येऊ शकेल, पण एका संख्येस दोन देयके येणार नाहीत.

चढाची कल्पना तर शहराच्या पोटातच आहे. इ. स. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. समजा, १०० मीटर अंतरात मार्ग १ मीटर खाली जातो. तर उताराचे मान एकशतांश झाले. सरळ रेषेचा चढ सर्वत्र सारखा असतो. वक्र रेषेचा मात्र प्रत्येक बिंदूपाशी पालटतो, व तो मोजावयाचा कसा या प्रश्नातून कलन सुरू होते.

एक उदाहरण घेऊ. एखादी वस्तू जितके सेकंद चालते त्या संख्येच्या वर्गाइतके मीटर अंतर कापते. तिसऱ्या सेकंदाच्या शेवटी तिचा वेग किती? ३ सेकंदांत ९ मीटर, ३.१ सेकंदांत ९.६१ मीटर; मधल्या काळातील सरासरी वेग ६.१. अवधी ०.०१ सेकंद केल्यास वेग ६.०१ येतो. अवधी जसजसा लहान करावा, तसतसा वेग ६ च्या निकट जातो. ही ६ संख्या म्हणजे सीमा. ज्या विद्यार्थ्यास एवढे उमजले, त्याला पुढील सूत्रे पाठ करण्याचे कष्ट पुष्कळ कमी पडतात.

हा विचार या भूमीस सर्वस्वी परका नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावाजवळील पाटण येथे सापडला. त्यांच्या लीलावतीत शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंची अदलाबदल किती प्रकारे होईल असा प्रश्न आहे, उत्तर ३६,२८,८००. अकरावीच्या सहाव्या प्रकरणात विद्यार्थी हीच रीत शिकतो.

सीमाभागात एक अडचण निराळी आहे व तिची दखल क्वचितच घेतली जाते. घरी मराठी व शाळेत हिंदी असलेल्या मुलास 'संच' हा 'समुच्चय', 'फल' हा 'फलन', 'चढ' हा 'ढाल' आणि 'विकलज' हा 'अवकलज' म्हणून भेटतो. मराठी पुस्तकातून घरी शिकविणाऱ्या वडील भावंडाचे बोलणे त्यास उमगत नाही, आणि दोष मात्र बुद्धीला दिला जातो. शिक्षकांनी दोन्ही शब्द पहिल्या आठवड्यातच फळ्यावर समोरासमोर लिहून द्यावेत.

सत्र सुरू होण्यापूर्वी अवयव पाडणे, घातांकांचे नियम, वर्गसमीकरणे व दहावीची त्रिकोणमिती यांची उजळणी करून घ्यावी. अकरावीत चुकणारी पुष्कळ उदाहरणे नव्या कल्पनेवर अडत नाहीत. ती नववीच्या बीजगणितातील एखाद्या चिन्हावर अडतात.