जमिनीलगतचा वारा आणि पवनऊर्जेचे अर्थकारण

३१ मार्च २०२५ अखेर भारताची स्थापित पवनऊर्जा क्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली. या आकड्यामागे शेकडो ठिकाणी वर्षानुवर्षे घेतलेल्या वाऱ्याच्या नोंदी आहेत. या नोंदींना शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय मुख्यत्वे डॉ. सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेल्या हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी (१९१८-२००१) यांच्याकडे जाते.

मापनाचा पाया

केरळमधील पीरमेड येथे जन्मलेल्या अण्णा मणी १९४८ मध्ये पुणे येथे भारतीय हवामानशास्त्र विभागात रुजू झाल्या. त्या काळी साधी हवामान उपकरणेही आयात करावी लागत. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांनी देशांतर्गत उत्पादनाचा मार्ग मोकळा केला. सदोष मापन हे मापन नसण्यापेक्षा घातक असते, ही त्यांची धारणा होती. १९७६ मधील निवृत्तीनंतर त्या पवनऊर्जेच्या सर्वेक्षणाकडे वळल्या. १९८३ मध्ये त्यांचा व डी. ए. मुळे यांचा भारतातील पवनऊर्जेविषयक माहितीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर विविध राज्यांत खास मनोरे उभारून वाऱ्याचे मोजमाप करण्यात आले.

वेगाचा घन आणि सरासरीचा सापळा

वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा आठपट होते. म्हणूनच केवळ सरासरी वेग पाहणे फसवे ठरते. समजा, एका ठिकाणी वारा सतत सेकंदाला ६ मीटर वेगाने वाहतो. दुसऱ्या ठिकाणी तो निम्मा काळ ४ व निम्मा काळ ८ मीटर वेगाने वाहतो. दोन्हींची सरासरी ६ मीटरच आहे. मात्र घनाची सरासरी पहिल्या ठिकाणी २१६, तर दुसऱ्या ठिकाणी २८८ येते, म्हणजे एकतृतीयांशाने अधिक. तासागणिक नोंदींचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

उंची, खडबडीतपणा आणि प्रक्षुब्धता

जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे वारा मंदावतो. वातावरणाच्या या तळच्या थरास सीमास्तर म्हणतात. झाडी, घरे व टेकड्या यांमुळे पृष्ठभाग जितका खडबडीत, तितका वेग कमी व प्रक्षुब्धता अधिक. मोकळ्या सपाट प्रदेशात वेग उंचीच्या एकसप्तमांश घाताने वाढतो, असे ढोबळमानाने मानतात. त्यानुसार १० मीटरवर ४ मीटर असलेला वेग १०० मीटरवर सुमारे ५.६ मीटर होतो आणि उपलब्ध ऊर्जा सुमारे २.७ पट होते.

राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेचे अंदाज हेच सांगतात. देशाची संभाव्य क्षमता १०० मीटर उंचीवर सुमारे ३०२, १२० मीटरवर ६९५, तर १५० मीटरवर १,१६४ गिगावॅट मानली जाते. वारा बदललेला नाही. उंची वाढल्याने अधिक क्षेत्र फायदेशीर ठरले.

प्रक्षुब्धतेमुळे मात्र पात्यांवर सतत असमान ताण पडतो, यंत्राचे आयुष्य घटते व देखभालखर्च वाढतो. शिवाय प्रत्येक पवनचक्कीच्या मागे मंदावलेल्या, भोवऱ्यांनी भरलेल्या हवेचा पट्टा तयार होतो. दोन यंत्रांत पुरेसे अंतर न राखल्यास मागील यंत्राचे उत्पादन घटते. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात, कारण एकाच्या निर्णयाची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते. अंतराचे नियम यासाठीच असतात.

धोरणाचा प्रश्न

तमिळनाडूतील मुप्पंदल किंवा साताऱ्यातील वनकुसवडे पठार येथील पवनचक्क्या भूरचनेमुळे वेगवान झालेल्या वाऱ्याचा लाभ घेतात. परंतु सर्वच प्रकल्पांची जागा वाऱ्यामुळेच निवडली जाईल, याची हमी नसते. दीर्घकाळ या क्षेत्राला वेगवर्धित घसाऱ्याची करसवलत मिळाली. ८० टक्क्यांचा हा दर एप्रिल २०१७ पासून ४० टक्के झाला. ही सवलत गुंतवणुकीवर मिळते, उत्पादनावर नव्हे. त्यामुळे कमी वाऱ्याच्या जागीही यंत्र उभारण्याचा मोह निर्माण होतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेत ग्रिडला दिलेल्या प्रतियुनिट विजेमागे ५० पैसे ठेवले गेले, ते याच कारणाने. फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या लिलावात दर प्रतियुनिट ३ रुपये ४६ पैशांपर्यंत उतरला. इतक्या अल्प दरात चुकीच्या जागेचा भार पेलणे कठीण असते.

परीक्षार्थींनी एक भेद ध्यानात ठेवावा : स्थापित क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. भारतात पवनविजेचा मोठा वाटा मे ते सप्टेंबर या काळात, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतून येतो. म्हणून ‘किती मेगावॅट उभारले?’ यापेक्षा ‘त्यातून वर्षाला किती युनिट मिळाले?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर जागा निवडण्यापूर्वी केलेल्या काटेकोर मोजमापावर अवलंबून असते. मनोरा उभारून वर्षभर नोंदी घेण्याचा खर्च प्रकल्पाच्या तुलनेत किरकोळ असतो. तो वाचविण्याची किंमत मात्र पुढे यंत्राच्या संपूर्ण आयुष्यभर मोजावी लागते.