पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

आत्या वृद्धाश्रमात असताना तिच्यासाठी, आणि पुढे शेजारच्या खाटेवरच्या आजींसाठीही तक्रार करावी लागली. त्यातून कळलेलं हे.

१. भेटायला वेळ बदलून जावं. रविवारी सकाळी सगळ्यांचे केस विंचरलेले असतात. मी आडवारी, जेवणाच्या वेळी गेले, तर ताट आत्याचा हात पोचणार नाही इतकं लांब आणि मावशी "जेवतच नाहीत हो या" म्हणत ते उचलून नेत होती.

२. पाठ बघावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली की माकडहाडापाशी, टाचांवर कातडी लाल-काळी पडते, मग फुटते. बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन कागदावर नोंद घ्यावी. दिवसभर गुंगी दिसली तर औषधांचा तक्ता मागावा. फोटो मात्र विचारूनच काढावा.

३. अर्जात "हाल करतात" लिहिलं की व्यवस्थापक हसतो. तारीख, वेळ, काय दिसलं, ड्यूटीवर कोण होतं, एवढंच लिहावं. "दुपारी चारला सकाळचाच डायपर होता" याचं उत्तर त्याला द्यावं लागतं.

४. १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन. सुरुवात तिथून करावी. लेखी अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडेही, पैसे घेऊन सेवा देत असेल तर ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. २००७च्या कायद्यातलं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यासाठी आहे. मला आधी तिकडेच पिटाळलं होतं. मारहाण किंवा बांधून ठेवणं दिसलं तर सरळ ११२. गुन्हा दखलपात्र असेल तर पोलिसांना हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

५. अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. तोंडी "बघतो" म्हणजे काहीच नाही.

६. सगळ्यात अवघड आत्याचं वाक्य होतं: "तू जाशील घरी, मला इथंच राहायचंय." ही भीती खोटी नसते. म्हणून अर्जाआधी दुसरी जागा बघून ठेवली, भाचरांनी भेटीच्या पाळ्या लावल्या, आणि आत्याला विचारूनच सही केली. जिवावर बेतत असेल तर परवानगीची वाट बघू नये. पण जेवण, बोलणं, वागणूक यांबाबत तिचा शब्द शेवटचा, असं माझं मत. शेजारच्या आजींना काही आठवत नव्हतं, भेटायलाही कुणी येत नसे. नात्याचं नसलं तरी पाहिलेलं कुणीही कळवू शकतं, हे तेव्हा कळलं. ट्रस्टींच्या कपाळाला आठ्या पडल्या, पडू देत.

७. रात्री दोन मजल्यांना एकच मावशी असेल तर कूस कोण बदलणार? माझा राग तिच्यावर नव्हता, कमी माणसांत काम उरकून घेणाऱ्यांवर होता. आतली खरी माहितीही तिनेच दिली. अशा मावशीचं नाव अर्जात कुठेही येऊ देऊ नये; तिची नोकरी जाते.