ताकदीचे लाल इंजेक्शन : कोणाला व कशासाठी?

थकवा आला की ‘ताकदीचे लाल इंजेक्शन द्या’ असे डॉक्टरांना सांगणारे आपल्या हुबळी-धारवाड भागात पुष्कळ आहेत. हे औषध म्हणजे बहुधा ‘ब१२’ जीवनसत्त्व. त्याचा लाल रंग त्यातील कोबाल्ट या धातूमुळे येतो. त्याचाच एक प्रकार म्हणजे हायड्रॉक्सोकोबालामिन. त्याची माहिती आज करून घेऊ.

ब१२ कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते फक्त सूक्ष्मजंतू करतात. गाईम्हशींच्या पोटातील जंतू वैरणीतील कोबाल्ट घेऊन ते बनवतात आणि दूध, मांस, काळीज यांतून ते आपल्याला मिळते. मासे व अंडी यांतही ते असते. १९४८ साली शास्त्रज्ञांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. त्याची रचना उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोगी माणसाच्या यकृतात याचा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. म्हणून उपवासकाळाचे ४० दिवस मांस सोडल्याने कोणी आजारी पडत नाही. पण वर्षानुवर्षे नुसती भाकरी-भाजी खाणारे, वृद्ध, जठराचे ऑपरेशन झालेले आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे यांना कमतरता होऊ शकते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांत ब१२ कमी आढळले.

लक्षणे अशी : दम लागणे, जीभ लाल होऊन झोंबणे, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा. मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नये. उपचारास फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारलेले दिसते, पण आतून मज्जातंतू बिघडतच राहतात. म्हणून आधी रक्त तपासावे, मग इंजेक्शन घ्यावे. उलट केल्यास तपासणीचा अर्थ लागत नाही. मात्र लक्षणे तीव्र असतील तर रक्त घेतल्याबरोबर डॉक्टर उपचार सुरू करतात, अहवालाची वाट पाहत नाहीत.

हायड्रॉक्सोकोबालामिन शरीरात सायनोकोबालामिनपेक्षा जास्त काळ टिकते. सुरुवातीला काही दिवस वारंवार, मग दोन-तीन महिन्यांतून एकदा १ मिलिग्रॅम स्नायूत देतात. जास्तीचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो, म्हणून ते बरेच सुरक्षित आहे. टोचल्या जागी दुखणे, खाज, क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते. अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास अडकला तर तत्काळ दवाखाना गाठावा. फार तीव्र रक्तक्षयात पहिल्या दिवसांत पोटॅशियम घटते. असा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

या औषधाचा दुसरा उपयोग सायनाइडच्या विषबाधेत होतो. ते सायनाइडला बांधून घेते व लघवीवाटे बाहेर काढते. ज्वारी पिकवणाऱ्यांना हे विष ओळखीचे आहे. कोवळी, पावसाने ताण दिलेली ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले कोंब खाल्ले की जनावरास किराळ लागते, ती याच विषाने. मात्र घरातली लाल कुपी गाईला टोचून उपयोग नाही. माणसाच्या विषबाधेतच ५ ग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या ५,००० कुप्यांइतके औषध शिरेतून द्यावे लागते. किराळीवर पशुवैद्य सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट देतात. त्यांना ताबडतोब बोलवावे. त्याहून बरे म्हणजे गुडघाभर कोवळ्या ज्वारीत जनावर सोडूच नये.

थोडक्यात, लाल इंजेक्शन ताकदीचे टॉनिक नव्हे. कमतरता असेल तेथे ते संजीवनीसारखे आहे, नसेल तेथे निव्वळ पैशाची नासाडी. घरात कोणाच्या पायांना मुंग्या येत असतील तर पेरणी उरकेपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात रक्त तपासून घ्या.