व्हर्मिक्युलाइट: एकच पोतं, फाउंड्रीसाठी कोरडं आणि अंड्यांसाठी ओलं



मागच्या व्हिडिओत आपण नर्सरी आणि गच्चीवरच्या बागेसाठी लागणाऱ्या मालाचं छोटं पॅकिंग बघितलं. त्यात व्हर्मिक्युलाइटचा विषय दोन मिनिटांचाच होता, पण प्रश्न जास्त त्याच्यावरच आले. "सर, हेच पोतं फाउंड्रीला विकता येईल का?" आणि दुसरा, "साप-सरडे पाळणारे लोक हे का मागवतात?" दोन्ही ग्राहक खरे आहेत, माल एकच आहे. फरक आहे पाण्याचा. एकाला त्यात थेंबभर पाणी चालत नाही, दुसऱ्याला पाण्याशिवाय त्याचा उपयोगच नाही. हे नीट कळलं नाही तर नुसता धंदा बसत नाही, माणूस भाजू शकतो. म्हणून आज सविस्तर.

हा पदार्थ आहे तरी काय?

व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखं पापुद्र्यांचं खनिज आहे. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी अडकलेलं असतं. कच्चा माल भट्टीत झटकन तापवला की त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती पापुद्रे फाकवते. दाणा साधारण ८ ते ३० पट फुगतो. आपल्या लाह्या फुटतात ना, तसंच काहीसं. फक्त इथे दाणा गोल न होता अकॉर्डियनच्या भात्यासारखा लांबतो, अळीसारखा वळवळतो. नावही त्यावरूनच पडलं. लॅटिनमध्ये अळीला जो शब्द आहे त्यावरून १८२४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये थॉमस वेब यांनी हे नाव दिलं.

फुगलेल्या दाण्यात पापुद्र्यांमध्ये हवा असते. हवा उष्णता सहज जाऊ देत नाही, म्हणून तो उष्णतारोधक. त्याच फटींमध्ये पाणीही शिरून बसतं, म्हणून तो ओलावा धरणारा. तो जळत नाही, कुजत नाही, सडत नाही. साधारण ११०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. १३०० च्या पुढे वितळायला लागतो. हे आकडे लक्षात ठेवा, खाली लागणार आहेत.

फाउंड्रीवाला काय करतो त्याचं?

कोल्हापूरकडचे आपले बरेच प्रेक्षक आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव भागात ओतकामाचे कारखाने किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथे मुख्य उपयोग असा: भट्टीतून वितळलेला धातू लॅडलमध्ये घेतला की तो वरच्या बाजूने भराभर थंड होतो. साच्यापर्यंत जाईतो तापमान उतरलं तर साचा पूर्ण भरत नाही, कास्टिंग रिजेक्ट. म्हणून धातूवर उष्णतारोधक पदार्थाचा थर टाकतात. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, ओततात साधारण ७०० ते ७५० ला. तिथे व्हर्मिक्युलाइट आरामात टिकतं. ओतीव लोखंड १३५० च्या वर असतं. तिथे धातूला टेकलेला खालचा थर वितळून मळीत जातो आणि वरचा थर काम करत राहतो. म्हणजे लोखंडावर ते पुन्हा वापरायची वस्तू नाही, प्रत्येक वेळी खर्च होणारी आहे. विक्रेत्याला ऐकायला बरं वाटतं, पण फाउंड्रीवाला हिशोबाचा पक्का असतो. त्याच्याकडे भाताच्या तुसाची राख हा स्वस्त पर्याय असतोच. फक्त दराने तुम्ही राखेशी लढू शकणार नाही. राखेची धूळ फार उडते, हा मुद्दा मात्र शॉपफ्लोअरवर पटतो.

आता पाणी. पाण्याची वाफ होताना आकारमान साधारण १७०० पट वाढतं. ओलसर माल वितळलेल्या धातूवर पडला की ती वाफ क्षणात होते आणि धातू उडतो. ओल धातूच्या खाली अडकली तर स्फोटच. पावसाळ्यात गोडाऊनच्या भिंतीला टेकून ठेवलेलं, वरून कोरडं दिसणारं पोतं इथे सगळ्यात धोकादायक. नर्सरीसाठी आणलेलं उघडं पोतं फाउंड्रीला कधीही देऊ नका. बागवाल्याला ओल चालते, त्यामुळे त्या साखळीत कुणी ती जपत नाही.

तपासायला सोपी पद्धत आहे. पोत्याच्या मधून आणि तळातून नमुना घ्या, १०० ग्रॅम मोजा, १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा आणि परत मोजा. ९४ ग्रॅम भरलं तर ६ टक्के ओल. किती चालेल ते फाउंड्रीच्या क्वालिटीवाल्याला विचारून लेखी घ्या, आपल्या मनाने ठरवू नका. आणि तुम्ही कोरडा दिला तरी वापरण्याआधी त्यांनी तो तापवून घ्यायचा, हे बिलावर छापा. पॅकिंगला आतून प्लास्टिकची पिशवी लावून तोंड बंद करायचं, पोती लाकडी पॅलेटवर रचायची.

मोठ्या फाउंड्रीत एकदम शिरता येत नसेल तर त्याआधी एक छोटा ग्राहक आहे, ज्याच्याकडे कुणी जात नाही: ओतीव लोखंडाची दुरुस्ती करणारा वेल्डर. पंपाची बॉडी, इंजिनाचा हेड तडकला की तो तापवून वेल्ड करतात. पण वेल्ड केलेला भाग भर्रकन थंड झाला तर बाजूचं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं आणि पुन्हा तडा जातो. म्हणून वेल्डिंग झाल्याबरोबर तो भाग राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवायची जुनी पद्धत आहे. त्याजागी एका पिंपात कोरडं व्हर्मिक्युलाइट भरून दिलं तर भाग रात्रभर हळूहळू निवतो. इथे ते वितळत नाही, त्यामुळे तेच पिंप महिनोन्‌महिने चालतं. एका वेल्डरला एकदाच विक्री होते हे खरं, पण असे वेल्डर प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत.

पिझ्झा ओव्हन किंवा भट्टी बांधणारे लोक विटांच्या खाली आणि मागे याचं हलकं काँक्रीट घालतात, साधारण १ भाग सिमेंटला मापाने ५ भाग व्हर्मिक्युलाइट. त्यावर वजन पेलायचं नसतं, उष्णता अडवायची असते. वेल्डिंगची ठिणगी अडवणाऱ्या काचधाग्याच्या कापडावरही याचा लेप देतात.

इमारतीतल्या आगीपासून संरक्षणासाठी मात्र जपून. साधारण ५५० अंशाला पोलादाची ताकद निम्म्याच्या आसपास येते, म्हणून खांब-तुळयांवर व्हर्मिक्युलाइटचा गिलावा किंवा पाट्या लावतात. पण "दोन तास आग रोखते" हा दाखला त्या पूर्ण रचनेच्या चाचणीला मिळतो: गिलावा, जाडी, बसवण्याची पद्धत सगळं धरून. तुमच्या पोत्याला तो मिळत नाही. पॅकेटवर "फायरप्रूफ" हा शब्द छापू नका.

आता अंडी

सापाचं, सरड्याचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. बऱ्याच जातींत कवच मऊ, चामड्यासारखं असतं आणि ते आजूबाजूची ओल शोषून घेतं. ओल कमी पडली की अंडं चेपतं, जास्त झाली की बुरशी येते किंवा आतलं पिल्लू गुदमरतं. म्हणजे अंड्याच्या खाली असा पदार्थ हवा जो पाणी धरून ठेवेल, थोडं थोडं सोडेल आणि दोन महिने कुजणार नाही. कोकोपीट, मॉस हेही वापरतात, पण ते सेंद्रिय आहेत. व्हर्मिक्युलाइट खनिज आहे, बुरशीला त्यात खायला काही नाही.

बॉल पायथनचं उदाहरण घेऊ. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर, जगभर पाळला जातो. मादी एका वेळी साधारण ४ ते ८ अंडी घालते. झाकणाच्या डब्यात ३०० ग्रॅम कोरडं व्हर्मिक्युलाइट आणि २४० ते ३०० ग्रॅम पाणी घ्यायचं. प्रमाण वजनाने, कपाने नाही! इथे बरेच जण फसतात, कारण व्हर्मिक्युलाइट इतकं हलकं की कपाला कप घेतलं तर चिखल होतो. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. अंडी त्यात निम्मी रुतवून तापमान ३१ ते ३२ अंश ठेवलं की साधारण ५५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. भरलेल्या डब्याचं पहिल्या दिवशीचं वजन मार्करने डब्यावर लिहून ठेवायचं. मध्ये वजन घटलं तर तेवढंच कोमट पाणी कडेने सोडायचं, अंड्यावर नाही.

आणि अंडं फिरवायचं नाही. आपल्याकडे कोंबडी खुडूक बसली की ती अंडी उलटसुलट करते, हॅचरीत यंत्र करतं. त्यामुळे लोकांना वाटतं इथेही तसंच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांतच वरच्या बाजूला चिकटतो. नंतर उलटवलं तर तो मरू शकतो. म्हणून उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करतात.

या ग्राहकाला मध्यम किंवा जाड दाणा द्या. बारीक दाणा पाण्यात बसून घट्ट होतो, हवा खेळत नाही. खत मिसळलेलं बागेचं मिश्रण अजिबात नको. पिंजऱ्यात नुसतं व्हर्मिक्युलाइट अंथरायला मागितलं तर मी विकणार नाही: प्राणी खाण्याबरोबर ते गिळतात, धूळही उडते. ओल टिकवायला मातीत थोडं मिसळणं वेगळं.

जाता जाता, कोकणातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपतात तिथे यातलं काही लागत नाही. किनाऱ्यावरच कुंपणात वाळूत खड्डा करून अंडी ठेवतात आणि उरलेलं वाळू आणि ऊन बघून घेतात. तिथे जाऊन माल विकायचा प्रयत्न करू नका.

कायदा

ही बाजू सोडून चालणार नाही. भारतातले जंगली साप, घोरपड, स्टार कासव पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे गुन्हा आहे, मग ते कितीही प्रेमाने पाळलेलं असो. बॉल पायथन किंवा हिरवा इग्वाना अशा परदेशी, आंतरराष्ट्रीय साइट्स यादीतल्या प्राण्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ती परिवेश पोर्टलवर होते. पिल्लं झाली की त्यांचीही नोंद करावी लागते. तुम्ही विकताय ते खनिज, त्याच्यावर बंदी नाही. पण दुकानात येऊन कुणी "स्टार कासवाची अंडी आहेत, किती पाणी घालू?" असं विचारलं तर सल्लाही द्यायचा नाही आणि मालही नाही. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, तो नंबर काउंटरवर लावून ठेवा.

धूळ आणि लिबी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लिबी नावाचं गाव आहे. तिथली व्हर्मिक्युलाइटची खाण १९९० मध्ये बंद होईपर्यंत अमेरिकेत विकलं जाणारं बहुतांश व्हर्मिक्युलाइट तिथून यायचं. त्या खनिजात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते. खाणकामगार आजारी पडलेच, पण कपड्यांवरून धूळ घरी गेली आणि त्यांच्या घरच्यांनाही फुप्फुसाचे रोग झाले. १९९९ मध्ये वर्तमानपत्राने ते बाहेर काढलं, २००९ मध्ये तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली.

सगळ्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस असतो असं अजिबात नाही. दक्षिण आफ्रिका, ब्राझील इथून माल येतो, आपल्याकडे तमिळनाडूत सेवथूरला खाण आहे. पण डोळ्यांनी बघून फरक कळत नाही. म्हणून पुरवठादाराला दोन गोष्टी विचारा: खाण कुठली, आणि या लॉटचा ॲस्बेस्टॉस चाचणीचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का. "सर, चांगला माल आहे" हे उत्तर नाही. जुन्या कारखान्याच्या भंगारातलं, लेबल नसलेलं व्हर्मिक्युलाइट फुकट मिळालं तरी नको. चांगला माल भरतानाही कामगारांना एन-९५ मास्क द्या. अंड्यांचा माल पाणी शिंपडून हाताळता येतो, फाउंड्रीचा येत नाही, तिथे मास्कशिवाय पर्याय नाही.

हिशोब

फुगवलेल्या मालाचं १०० लिटरचं पोतं दाण्यानुसार ८ ते १२ किलो भरतं. टेम्पोत ८ घनमीटर जागा धरली तर ८० पोती, म्हणजे जेमतेम ८०० किलो. गाडी भरते पण वजन भरत नाही, भाडं मात्र पूर्ण. कच्चा माल तेवढ्याच जागेत आठ-दहा पट वजनाचा बसतो. म्हणून या धंद्यातले मोठे लोक कच्चा माल आणून ग्राहकाजवळ फुगवतात. सुरुवातीला भट्टीच्या भानगडीत पडू नका. जवळच्या फुगवणाऱ्याकडून घ्या आणि ८०-१०० किलोमीटरच्या आतले ग्राहक धरा.

प्राणी पाळणाऱ्याला १ किंवा २ लिटरची पाकिटं कुरिअरने, दर लिटरने. फाउंड्रीला पोत्याने, आणि दर लिटरचा की किलोचा ते कोटेशनवर स्पष्ट लिहून. किलोने विकलेल्या मालात ओल असली की तुम्ही पाणी विकताय असा आरोप होतो, आणि तो खरा असतो! कच्च्या मालाचा एचएसएन २५३० मध्ये येतो आणि फुगवलेल्याचा ६८०६ मध्ये. पुरवठादाराच्या बिलावर कोणता आहे तो बघून घ्या आणि आताचा जीएसटी दर तुमच्या सीएकडून पक्का करा.

दोन्ही ग्राहकांचा माल वेगळ्या रंगाच्या पोत्यात आणि गोडाऊनच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. फाउंड्रीच्या पोत्यावर मोठ्या अक्षरात "कोरडे ठेवा" छापा आणि एकदा उघडलेलं पोतं परत त्या ढिगात टाकू नका, ते बागेच्या मालात घ्या.