दुरुस्ती झाली, पण नोंद कुठे आहे?



पाईपलाईन फुटली की आपण फिटरला बोलावतो. तो येतो, खड्डा काढतो, सांधा बसवतो, पैसे घेतो आणि जातो. पाणी चालू झाले म्हणजे आपल्या दृष्टीने विषय संपला. पुढच्या उन्हाळ्यात तोच सांधा पुन्हा निसटला की आठवाआठव सुरू होते. मागे कुणी जोडला? सॉकेट नवे होते की जुनेच? पैसे किती दिले? घरात तिघांची तीन उत्तरे. लिफ्ट योजना सामाईक असेल तर भांडणच जुंपते, आणि तोवर शेवटच्या टोकाच्या सभासदाचा ऊस वाळत असतो.

नळाचे दुसरे टोक

नवापूर म्हटले की आपल्याला नंदुरबारकडचे नवापूर आठवते. पालघर जिल्ह्यात बोईसर-तारापूरच्या किनाऱ्यावरही एक नवापूर आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी प्रक्रियेनंतर नळाने इथे आणून समुद्रात सोडतात. प्रदूषणामुळे खाड्या व समुद्र बिघडला, मासळी घटली, अशी मच्छीमारांची तक्रार. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने ती २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. नुकसान तपासण्यासाठी लवादाला समिती नेमावी लागली.

तो प्रश्न आपल्या शेतातल्या पाईपपेक्षा फार मोठा आहे. पण त्यातून घेण्यासारखा धडा आहे. नळ ज्याच्या ताब्यात, त्याला गळती कधी कळली व कधी बंद केली हे माहीत असते. दुसऱ्या टोकाच्या माणसाला फक्त परिणाम दिसतो. दोघांमधला खरा साक्षीदार म्हणजे त्याच दिवशी लिहिलेली नोंद. ती दोघांच्याही हातात हवी.

पावतीत काय लिहावे?

नुसते "लाईन दुरुस्त केली, पैसे मिळाले" एवढ्याने भागत नाही. पुढील आठ गोष्टी लिहून घ्याव्यात.

१. तक्रार दिल्याची आणि काम पुरे झाल्याची तारीख व वेळ.
२. जागा : गट नंबर आणि जवळच्या चेंबरपासूनचे अंतर.
३. शेतकऱ्याने सांगितलेली तक्रार.
४. फिटरला प्रत्यक्ष सापडलेला दोष. तक्रार आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
५. बदललेले सामान : माप, दाबक्षमता, मेक, नग. पीव्हीसी पाईपवर आय.एस. ४९८५ चा छाप आहे का, तेही पाहावे.
६. चाचणी कशी घेतली.
७. राहिलेले काम.
८. सामान व मजुरी वेगवेगळी, आणि दोघांच्या सह्या.

नमुना असा : "तक्रार – शेवटच्या टोकाला पाणी कमी. दोष – चेंबर क्र. ४ पासून ६० फूट पूर्वेला सांधा निसटलेला. काम – नवे सॉकेट १ नग. चाचणी – खड्डा उघडा ठेवून नेहमीच्या दाबाने १ तास पंप चालविला, गळती नाही. बाकी – एअर व्हॉल्व्ह गळका आहे, बदलावा लागेल."

यात शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. फिटरने धोका दाखवला होता आणि मालकाने तो वाचला होता, हे तिच्यावरून ठरते. प्रामाणिक कारागिराचेही त्यात संरक्षण आहे.

चाचणीशिवाय माती नको

सोल्युशन डब्यावरील सूचनेप्रमाणे वाळू द्यावे, मग पंप चालवावा, सांधा कोरडा दिसला तरच खड्डा बुजवावा. ठिबक असेल तर फिल्टरच्या आधीचा व नंतरचा दाब दोन्ही लिहावेत. फरक ०.५ किलोच्या वर गेला तर फिल्टर धुवायला हवा. "ड्रिप चालत नाही" म्हणून लाईन उकरण्याआधी हे आकडे पाहिले तर पुष्कळदा खड्डा काढायचा वाचतो.

गळती किरकोळ समजू नका. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरेल एवढी गळती असेल, तर ८ तासांच्या पाळीत १४,४०० लिटर पाणी जाते. वीज गेली ती वेगळीच.

कागद कुणाकडे?

पावती दोन प्रतींत करावी. एक शेतकऱ्याकडे, एक फिटरकडे. सामाईक योजनेत तिसरी प्रत योजनेच्या वहीत चिकटवावी आणि वही सर्व सभासदांना पाहता यावी. बुजवण्यापूर्वी मोबाईलवर सांध्याचा फोटो काढावा, पण फोटो हरवतो, म्हणून वही सोडू नये. वर्षाअखेरीस वही चाळली की एकाच सांध्यावर तीनदा खर्च झालेला लगेच दिसतो. तिथे चौथे सॉकेट घालण्यापेक्षा पाईपचा तुकडाच बदलणे स्वस्त पडते.

सामान किंवा काम सदोष निघाले तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. तिथेही पहिला प्रश्न पावतीचाच येतो.

तेव्हा घरात साधी दोनशे पानी वही घालावी, पहिल्या पानावर लाईनचा कच्चा नकाशा काढावा, आणि सही झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, ही सर्व सभासदांना विनंती.

– ऊसविकास अधिकारी